अर्धी गाडी विमानतळाला, अर्धी फ्रायझिंगला: म्युनिकमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

डोंबिवलीचं पाच जणांचं कुटुंब. आजोबा निवृत्त शिक्षक, सत्तरी ओलांडलेले. आजींच्या गुडघ्यांची तक्रार असते, पण उत्साह दांडगा. मुलगा आणि सून दोघंही नोकरी करणारे, आणि नात दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. मे महिन्यात ऑस्ट्रिया आणि दक्षिण जर्मनी फिरून रविवारी दुपारी म्युनिकहून परतीचं विमान, असा बेत होता. परदेशी निघालेल्या कुटुंबांना मी कागदपत्रं आणि आखणी यांत मदत करते. परत आल्यावर या पाचही जणांनी हा प्रसंग मला आपापल्या बाजूने सांगितला आणि नावं गाळून लिहायला परवानगी दिली. पाच हकिगती शेजारी-शेजारी ठेवल्या, तेव्हा कोणाला कोणत्या क्षणी काय माहीत होतं ते नीट कळलं. या प्रकरणात सगळं त्यावरच ठरलं आहे.

प्रवासाची व्यवस्था अशी होती: पाचही पासपोर्ट मुलाच्या कमरेच्या पाउचमध्ये. युरोपात चालणारं सिमकार्ड एकाच फोनमध्ये, तोही मुलाचाच; बाकीचे त्याच्या हॉटस्पॉटवर. म्युनिकमध्ये पाच प्रौढांपर्यंत चालणारा दिवसभराचा ग्रुप पास मिळतो. तो पाच सुट्या तिकिटांपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो, म्हणून तोच काढलेला. म्हणजे पाच माणसांना तिकिटाचा कागद एक, आणि तोही मुलाच्या खिशात.

सामानात दोन मोठ्या बॅगा, तीन लहान, आणि आजींच्या हातात रिकाम्या बाटल्यांची एक कापडी पिशवी. जर्मनीत पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतात. बाटली दुकानातल्या यंत्रात परत टाकली की पैसे मिळतात. आजींनी आठवडाभर एकही बाटली टाकू दिली नव्हती. शेवटच्या दिवशी सगळ्या एकदम परत करायच्या होत्या, पण तो दिवस रविवार निघाला आणि बव्हेरियात रविवारी दुकानं बंद. हॉटेलच्या आसपास उघडं दुकान शोधण्यात पाऊण तास गेला आणि मंडळी मुख्य स्थानकावर बारा वाजता पोचली. विमान अडीचचं. चेक-इन दीड वाजता बंद होणार, असं तिकिटावर स्पष्ट छापलेलं होतं.

गाडी दोन कुठे होते

म्युनिकचा आजचा विमानतळ १९९२ साली सुरू झाला. शहरातून तिथे एस-८ आणि एस-१ या दोन उपनगरी मार्गांनी जाता येतं. एस-८ शहराच्या पूर्वेकडून सरळ विमानतळाला जाते. एस-१ चा रूळ मुळात फ्रायझिंग या जुन्या गावाकडे जाणारा. त्यावरच्या नॉयफार्न स्थानकातून विमानतळाला जोडणारा फाटा १९९८ मध्ये निघाला. तेव्हापासून एकाच गाडीत दोन गाड्या धावतात: नॉयफार्नला त्या सुटतात, पुढची फ्रायझिंगला जाते आणि मागची विमानतळाला.

चार-चार डब्यांचे हे संच. संचाच्या आत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाता येतं. पण दोन संच जिथे जोडलेले असतात तिथे दोन्हीकडे मोटरमनच्या केबिन असतात, त्यामुळे एकातून दुसऱ्यात जायला वाट नाही. फलाटावरून पाहिलं तर गाडीच्या मधोमध दोन तोंडं एकमेकांना भिडलेली दिसतात. घाईत असलेल्या माणसाला ते दोन डब्यांमधलं नेहमीचं अंतर वाटतं.

काय बिघडलं

फलाटावर एस-१ उभीच होती. वर पाटीवर दोन नावं: फ्रायझिंग आणि विमानतळ. मुलाने त्याचा अर्थ लावला, आधी फ्रायझिंग लागेल आणि मग विमानतळ. कल्याणला कर्जत आणि कसारा असे फाटे फुटतात हे डोंबिवलीकराला पाठ असतं, पण तिथे कर्जतची गाडी वेगळी आणि कसाऱ्याची वेगळी. एकच गाडी अर्ध्यातून तुटून दोन गावांना जाते, हे मनात यायचं काही कारणच नव्हतं.

आजी-आजोबा समोरच्या दारातून चढले. मुलाने दोन्ही मोठ्या बॅगा त्यांच्यापाशी आत सरकवल्या. त्या दारात दोन सायकली आणि एक बाबागाडी होती, म्हणून तो, सून आणि नात पळत पुढच्या दारात गेले. इथे लोकलची सवय आड आली. बायका लेडीजमध्ये, पुरुष जनरलमध्ये, उतरल्यावर जिन्यापाशी भेटायचं, हे या घरात पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. वेगळ्या डब्यात बसणं म्हणजे ताटातूट, असं कोणाला वाटलंच नाही. पण ते पुढचं दार पुढच्या संचाचं होतं.

नातीने फलाटावर घाईत एक फोटो काढला होता. घरी आल्यावर तो मोठा करून पाहिला. आजी-आजोबांच्या डब्याच्या बाजूच्या पाटीवर विमानतळाचं नाव आहे, आणि हातभर अंतरावरच्या शेजारच्या डब्यावर फ्रायझिंगचं.

नॉयफार्नच्या आधी गाडीत जर्मन आणि इंग्रजीत घोषणा झाली, की गाडी इथे विभागली जाईल. पुढच्या संचात मुलगा हॉटेलच्या बिलातला एक आकडा समजत नव्हता तो पाहत होता, नातीच्या कानात इयरफोन होते, आणि सून उरलेली नाणी मोजत होती. मागच्या संचात आजोबांनी घोषणा शब्दन्‌शब्द ऐकली. मागचा भाग विमानतळाला जाणार, आपण मागे बसलोय, ठीक आहे, असं म्हणून ते निर्धास्त झाले. मुलगा पुढच्या भागात आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या मते तो फक्त पुढच्या डब्यात होता.

पहिला निर्णय: नॉयफार्नच्या फलाटावर

गाडी थांबली. पाय मोकळे करायला आजोबा दाराशी उभे राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत गाडीचा पुढचा अर्धा भाग निघून गेला.

आजींनी खिडकीतून विचारलं, "अहो, पुढची गाडी सुटली, आपली का नाही सुटत?"

आजोबांना कळायला क्षणभर लागलं. मग जे बोलणं झालं, ते दोघांनीही मला जवळजवळ सारख्याच शब्दांत सांगितलं.

"उतरू या. तो परत इथेच येईल शोधायला."

"अगं, आपल्याला जायचंय कुठे? विमानतळावर. ही गाडी चाललीय कुठे? विमानतळावर. उतरायचं कशाला?"

"तिकीट त्याच्याकडे, पासपोर्ट त्याच्याकडे, फोन लागत नाही. तिथे जाऊन काय करणार आपण?"

"इथे उतरून तरी काय करणार? तिथे निदान त्याला यावंच लागेल."

आजींचा मुद्दा मला कमजोर वाटत नाही. तिकीटतपासनीस आला असता तर विनातिकीट प्रवासाचा दंड माणशी ६० युरो आहे. माणूस हरवला की शेवटचं जिथे पाहिलं तिथे थांबायचं, हेही आपण लहानपणापासून मुलांना शिकवतो. पण आजोबांच्या शेवटच्या वाक्यात जास्त खोल विचार आहे. नॉयफार्नला मुलगा येईल की नाही, हा अंदाज होता. विमानतळावर तो येणार, हे नक्की होतं, कारण विमान सगळ्यांचंच होतं. घाईत दोन बॅगा ओढून उतरायला आजींचे गुडघेही तयार नव्हते. दोघं बसून राहिले. दारं मिटली आणि उरलेली अर्धी गाडी विमानतळाकडे निघाली.

दुसरा निर्णय: फ्रायझिंगला उतरल्यावर

पुढच्या संचात पडद्यावर पुढचं स्थानक म्हणून 'पुलिंग' आलं तेव्हा सुनेला शंका आली. मुलाने नकाशा उघडला. विमानतळ उजवीकडे मागे चाललेला. पुलिंगला उतरावं की नाही हे ठरेपर्यंत दारं मिटली आणि शेवटच्या स्थानकापर्यंत, फ्रायझिंगपर्यंत, जावं लागलं. त्यातल्या त्यात हे बरं झालं. पुलिंग अगदी लहान स्थानक आहे, आणि तिथून परतीच्या गाडीशिवाय दुसरा मार्ग सापडायला वेळ गेला असता.

फ्रायझिंगच्या फलाटावर पावणेएक वाजत आले होते. समोर चार वाटा होत्या.

पहिली, परतीच्या एस-१ ने नॉयफार्नला जायचं, आई-बाबा तिथे आहेत का पाहायचं, आणि मागून येणाऱ्या गाडीच्या योग्य त्या अर्ध्या भागात बसून विमानतळ गाठायचा. मुलाला हेच करायचं होतं. त्याचं म्हणणं, "आईने बाबांना उतरवलं असणार. मी ओळखतो तिला."

दुसरी, ६३५ नंबरची बस. ती फ्रायझिंग स्थानकाबाहेरून थेट विमानतळाला जाते, वीसेक मिनिटांत. हातातला ग्रुप पास तिच्यातही चालणार होता.

तिसरी, रेगेन्सबुर्गकडून येणारी जलद गाडी. फ्रायझिंगच्या बाजूने थेट विमानतळात शिरता यावं म्हणून नॉयफार्नजवळ रुळांचं एक नवं वळण बांधलं, आणि २०१८ च्या डिसेंबरपासून ही गाडी त्यावरून जाते. पण ती तासाला एक, आणि नुकतीच गेलेली.

चौथी, टॅक्सी. स्थानकाबाहेरचा स्टँड रविवारी रिकामा होता.

खरी ओढाताण पहिल्या दोन वाटांत होती. मुलगा म्हणाला, मी नॉयफार्नला जातो, तुम्ही दोघी बसने जा. सुनेने ते ठाम नाकारलं. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते तिचं बोलणं: "आता तिघांचे दोन भाग नको. आई-बाबा कुठेही असोत, पाच पासपोर्ट काउंटरजवळ असले पाहिजेत. ते तिथे नसतील तर तिथल्या माणसांना सांगून शोधता येईल. नॉयफार्नला सांगायला कोण आहे?"

तरीही मुलगा घुटमळत होता. शेवटी नातीने प्रश्न सोडवला. "आजोबा उतरणार नाहीत, बाबा. घोषणा इंग्रजीत झाली असेल तर त्यांनी ऐकली असेल. आणि आजी म्हणाली असेल ना उतरू या, तर मग मुळीच नाहीत उतरणार."

त्या परिस्थितीतही तिघांना हसू आलं, आणि ते बसच्या थांब्याकडे निघाले. थांब्यावर सायकल घेऊन उभ्या असलेल्या एका बाईंनी तिकीट पाहून मान डोलावली आणि बस आल्यावर ड्रायव्हरला स्वतःहून काहीतरी सांगितलं. विमानतळाशी आल्यावर ड्रायव्हरने मागे वळून हाताने खूण केली: इथे उतरा.

तिसरा निर्णय: विमानतळाच्या खाली आणि वर

म्युनिक विमानतळाचं रेल्वे स्थानक जमिनीखाली आहे, दोन टर्मिनलांच्या मधल्या इमारतीच्या तळाशी. आजी-आजोबा तिथे सुखरूप उतरले. आजोबांनी शाळेच्या सहली वर्षानुवर्षं नेल्या होत्या, आणि मुलांसाठी त्यांचा एकच नियम असे: चुकलात तर जागा सोडायची नाही. त्यांनी आजींना दोन बॅगा आणि बाटल्यांच्या पिशवीसह बाकावर बसवलं आणि पुढची गाडी यायची वाट पाहिली. ती आली, सगळी माणसं उतरली, आपली तिघं नव्हती.

मग आजोबा एकटेच सरकत्या जिन्याने वर गेले. हॉटेलात नातीने त्यांना वायफाय जोडायला शिकवलं होतं. विमानतळाचं वायफाय मोफत असतं. त्यांनी ते जोडलं आणि व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवला. तो मी ऐकला आहे, जसाच्या तसा देते:

"आम्ही विमानतळावर व्यवस्थित पोचलो आहोत. दोन्ही बॅगा आहेत, बाटल्याही आहेत. तुम्ही तिघं कुठे चुकलात? आम्ही खाली रेल्वेच्या फलाटावर बसलो आहोत, जागा सोडणार नाही. घाबरू नका."

हा निरोप बसमध्ये वाजला तेव्हा सून रडली आणि हसलीही. मुलाने लगेच उत्तर लिहिलं: आम्ही बसने येतोय, तुम्ही वर चेक-इनला या. त्या उत्तरापुढे एकच करडी खूण राहिली. निरोप देऊन आजोबा शब्दाला जागून पुन्हा खाली फलाटावर गेले होते, आणि तिथे त्यांचा फोन वायफायवरून सुटला होता.

म्हणजे आता एका बाजूला पूर्ण माहिती होती आणि दुसऱ्या बाजूला अजिबात नव्हती. आजोबा रुळांकडे डोळे लावून बसलेले, आणि मंडळी रस्त्याने, वरून येणार. बस पोचली तेव्हा सव्वा वाजला होता, चेक-इन बंद व्हायला पंधरा मिनिटं. आधी सगळ्यांनी मिळून आई-बाबांना आणावं, की आधी काउंटर गाठावा? बसमध्येच ठरलं: नातीने खाली धावायचं, मुलगा आणि सुनेने पासपोर्ट घेऊन काउंटरवर जायचं. फ्रायझिंगला फाटाफूट नको म्हणणाऱ्या सुनेनेच इथे ती सुचवली, आणि दोन्ही वेळा ती बरोबर होती. फ्रायझिंगला आई-बाबांचा ठावठिकाणा माहीत नव्हता. इथे बाक कुठे आहे तेही कळलं होतं.

काउंटरवरच्या मुलीने पाच पासपोर्ट पाहिले आणि समोर दोनच माणसं पाहून विचारलं, बाकीचे कुठे? सुनेने सांगितलं, खाली स्थानकावर, मुलगी आणायला गेली आहे. ती म्हणाली, माणसं समोर आल्याशिवाय पास देता येणार नाही, पण मी रांग बंद करत नाही. तिच्या हातात जेवढं होतं तेवढं तिने केलं.

खाली नात फलाटावर पोचली तेव्हा आजी शेजारच्या एका तुर्की आजीबाईंना लाडू देत होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण सांधेदुखीवर बोलणं झालं होतं असं आजी सांगतात. नातीला एकटीला पाहून आजोबांचा पहिला प्रश्न: "तुझे आई-बाबा सापडले का?"

निष्पत्ती

लिफ्टने वर येऊन काउंटरपाशी पाचही जण पोचले तेव्हा घड्याळात एक पंचवीस झाले होते. बॅगा गेल्या, पास मिळाले, विमान मिळालं. तिकीटतपासनीस कुठेच भेटला नाही, त्यामुळे दंड नाही. जास्तीचा खर्च शून्य. बाटल्या सुरक्षातपासणीतून रिकाम्याच पार झाल्या आणि आता डोंबिवलीच्या फ्रीजमध्ये पाणी भरायला आहेत.

घरात मात्र वाद राहिला. आजोबांच्या मते हरवले ते मुलगा, सून आणि नात. आपण दोघं ठरल्या ठिकाणी ठरल्या गाडीने पोचलो. वस्तुस्थिती पाहिली तर हे खरंच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

फलाटावरच्या वरच्या पाटीऐवजी डब्याच्या बाजूची पाटी वाचायला हवी होती. दोन नावं एकत्र दिसली की ती वाटेतली गावं आहेत की दोन वेगळी टोकं आहेत, हा प्रश्न मनात यायलाच हवा. आपल्याकडच्या प्रवाशांना हे फक्त म्युनिकमध्येच लागेल असं नाही. स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राऊला जाणारी कितीतरी मराठी मंडळी इंटरलाकेन ओस्टहून जी गाडी पकडतात, ती त्स्वायलुत्शिनेनला अशीच दुभंगते, एक भाग लाउटरब्रुनेनला आणि एक ग्रिंडेलवाल्डला. जपानमध्ये अकिताला जाणारी 'कोमाची' नावाची शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) मोरिओकाला जोडीदार गाडीपासून वेगळी होते. दोन्हीकडे पाट्या अगदी स्पष्ट असतात, पण त्या वाचायला दोन मिनिटं हातात ठेवावी लागतात. या कुटुंबाची ती दोन मिनिटं बंद दुकानांमागे गेली होती.

मुख्य स्थानकावरून एस-८ घेतली असती तर हा सगळा प्रश्नच उद्भवला नसता. वेळेत फारसा फरक नाही, आणि तिची गाडी तुटत नाही. ज्येष्ठांबरोबर जाणाऱ्यांनी शक्य तेव्हा एस-८ च धरावी, असं माझं मत आहे.

पासपोर्ट आणि फोन यांचा प्रश्न जास्त मोठा आहे. सगळं एका विश्वासू माणसाकडे ठेवायची आपली पद्धत मायेतून आलेली आहे: आई-बाबांना त्रास नको, त्यांच्याकडून काही हरवायला नको. पण त्या मायेने आजी-आजोबांना नॉयफार्नच्या फलाटाशी पूर्ण निराधार करून ठेवलं. त्यांच्याकडे ओळख नव्हती, तिकीट नव्हतं, लागणारा फोन नव्हता. होती ती फक्त आजोबांची समज. दुसऱ्या फोनमध्ये साधं, कमी डेटाचं सिम असतं तर तिसऱ्या निर्णयाची वेळच आली नसती. करड्या खुणेपाशी सगळे अडकले नसते.

आणि चुकामुकीचा नियम. सहलीच्या मुलांसाठी 'जागा सोडू नका' ठीक, कारण मास्तर शोधत येणार असतात. गाडीने प्रवास करणाऱ्या पाच मोठ्या माणसांत शोधणारा कोण आणि सापडणारा कोण, हेच ठरलेलं नसतं. आजोबांनी नॉयफार्नला मुक्कामाचं ठिकाण धरलं आणि विमानतळावर जागा धरली. पहिल्याने वाचवलं, दुसऱ्याने दहा मिनिटं खाल्ली. गाडीत चढण्यापूर्वी एवढंच बोलून ठेवायला हवं होतं: चुकामूक झाली तर प्रत्येकाने विमानतळावर, आपल्या विमानाच्या चेक-इनपाशी यायचं. स्थानक नाही, फलाट नाही, काउंटर.

पुढच्या वर्षी हे कुटुंब जपानला जायचं म्हणतंय, आणि त्याची आखणी आम्ही सुरू केली आहे. सुनेने प्रत्येकाच्या गळ्यातल्या पाउचसाठी एक कार्ड छापून घेतलं आहे, त्यावर विमानाचा नंबर, हॉटेलचा पत्ता स्थानिक लिपीत, आणि भेटायची जागा रोज हाताने लिहायला एक रिकामी ओळ. आजोबांनी स्वतःचा पासपोर्ट स्वतःकडे मागून घेतला आहे. आजींना आपला स्वतःजवळ नको आहे. तो आजोबांकडे राहील, पण मग नॉयफार्नसारखी वेळ आली तर उतरायचं की नाही ते आपण ठरवणार, अशी त्यांची अट आहे. आजोबांनी अजून होकार दिलेला नाही.